मूल नेमकं कुठं अडतंय? पहिली-दुसरीला वाचन शिकवणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

पहिली-दुसरीचा वर्ग पहिल्यांदाच हाती आला की पुस्तक कुठून सुरू करायचं, हा प्रश्न पडतो. पुस्तक सगळ्यांना एकच असतं, पानही एकच. वर्गात मात्र एखादी मुलगी मोठ्या भावाची गोष्टीची पुस्तकं वाचून संपवणारी असते, पाच-सहा जण काना-मात्रेत अडकलेले असतात, दोघं-तिघं अजून ‘म’ आणि ‘भ’मध्ये चाचपडत असतात, आणि एखाद्या मुलाच्या घरी मराठी बोललीच जात नाही. द्विशिक्षकी शाळेत पहिली आणि दुसरी एकाच खोलीत बसते, त्यामुळे ही तफावत आणखी वाढते. सगळ्यांना एकच धडा शिकवला तर तो मोजक्या मुलांच्याच कामी येतो. बाकीची मुलं सुरात सूर मिसळून म्हणतात आणि वर्ग वाचतोय असं आपल्याला वाटत राहतं.

या लेखात सांगितलेली पद्धत फार खर्चाची किंवा अवघड नाही. प्रत्येक मुलाचं वाचन एकेकट्यानं ऐकायचं, ते कुठं अडतं ते लिहून ठेवायचं आणि शिकवणं त्या जागेपासून सुरू करायचं. नव्यानं रुजू झालेल्या शिक्षणसेवकांना, वस्तीवर अभ्यासवर्ग घेणाऱ्या ताई-दादांना आणि घरी मुलाला वाचायला बसवणाऱ्या आई-बाबांनाही ती जमेल. निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं हे त्याचं उद्दिष्ट आहे आणि त्यासाठी २०२६-२७ ही मुदत ठरवलेली आहे. हे उद्दिष्ट वर्गाच्या सरासरीवर गाठता येणार नाही, एकेका मुलाला घेऊनच गाठावं लागेल.

पायरी १: आधी ऐका

शिकवायला लागण्याआधीचा पहिला आठवडा ऐकण्यासाठी राखून ठेवा. बाकीची मुलं चित्रं काढत असताना रोज चार-पाच जणांना एकेक करून व्हरांड्यात बोलवा. एका मुलाला पाच मिनिटं पुरतात.

ऐकायला साधन हवं. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकारानं २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाची वाचनचाचणी अनेक शिक्षकांना माहीत असते. तिच्यात चार गोष्टी असतात: सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मुलाला आधी परिच्छेद देतात. तो सहज वाचला तर गोष्ट देतात, नाही जमला तर शब्द, आणि शब्दही नाही जमले तर अक्षरं. पाचपैकी चार शब्द बरोबर आले की मूल शब्दपातळीवर आहे असं धरतात, अक्षरांनाही तोच नियम. ही चाचणी अगदी झटपट होते आणि मूल कोणत्या पायरीवर आहे ते तिच्यातून कळतं.

ते त्या पायरीवर का थांबलंय, हे मात्र तिच्यातून कळत नाही. त्यासाठी शब्दांचा एक वेगळा कागद करा, मोठ्या ठळक अक्षरांत, पाच ओळींचा:

पहिली ओळ बिनकान्याची: घर, बस, कमळ, वजन.
दुसरी कान्याची: नाक, मामा, पाट, सामान.
तिसरी वेलांटी, उकार, मात्रांची: दिवा, पीठ, मुलगा, फूल, शेत, पोळी, मैना, कौल.
चौथी अनुस्वाराची: आंबा, चिंच, भिंत, शिंग.
पाचवी जोडाक्षरांची: चप्पल, पुस्तक, प्राणी, सूर्य.

मूल कोणत्या ओळीत अडखळायला लागतं ते पाहिलं की पुढच्या महिन्याभराचं काम डोळ्यांसमोर येतं.

ऐकताना काही पथ्यं पाळा. पाठ्यपुस्तकातला धडा तपासायला घेऊ नका. पहिलीतली कितीतरी मुलं तो आख्खा धडा बोट फिरवत म्हणतात, आणि बोट एका शब्दावर तर तोंड दुसऱ्याच शब्दावर असतं. शंका आली तर जाड कागदाला शब्दाएवढी खिडकी कापा, ती धड्यावर कुठंही ठेवा आणि आतला एकच शब्द विचारा. पाठांतर असेल तर लगेच कळतं. मूल चुकलं तर तिथल्या तिथं दुरुस्त करू नका, चेहऱ्यावरही काही दाखवू नका. अडलं तर थोडं थांबा, मग ‘बरं, पुढचा बघू’ म्हणा. परिच्छेद वाचून झाला की ‘काय झालं यात?’ असं विचारा. उत्तर ते कोणत्याही भाषेत देवो.

आणि मूल जे म्हणालं तेच, जसंच्या तसं लिहा. ‘वाचन कच्चे’ या शेऱ्याचा कुणालाच उपयोग नाही. अशी नोंद हवी: ‘दिवा – दवा. पीठ – पाठ. फूल – फल. नाक, मामा बरोबर. सगळे शब्द हळू, पण स्वतः जोडतो.’ एवढ्यावरून कळतं की याला कान्याच्या कामाची गरज नाही, बिनकान्याचे शब्द पुन्हा गिरवायचीही गरज नाही. वेलांटी आणि उकार त्याच्या डोळ्यांतून सुटताहेत, काम तिथं आहे.

पायरी २: अडण्याची जागा ओळखा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. दोन मुलांना एकच शब्द वाचता येत नसला तरी त्यामागची कारणं वेगळी असू शकतात आणि उपायही वेगळे.

काही मुलांना अजून शब्दातले आवाज वेगळे ऐकू येत नाहीत. ‘बदक’मध्ये पहिला आवाज कोणता, असं विचारलं की ती ‘क्वॅक क्वॅक’ म्हणतात, कारण त्यांच्या मनात बदक हा पक्षी आहे, शब्द नाही. अशा मुलाला अक्षरांचा तक्ता कितीही वेळा वाचायला लावला तरी तो त्याच्यासाठी चित्रांचा तक्ताच राहतो. याच्याशी तोंडी खेळ खेळा: ‘ब’नं सुरू होणारी वर्गातली मुलं कोण, टाळ्या वाजवत ‘चि-म-णी’ म्हणा, ‘काम’मधला ‘का’ काढला तर काय उरतं. पाटी-पेन्सिल लागत नाही. रोज परिपाठानंतर दहा मिनिटं चालवा, काही आठवड्यांत फरक दिसतो.

काही मुलं अक्षरांत गोंधळतात, आणि गोंधळाच्या जोड्या बहुतेक ठरलेल्या असतात: म-भ, घ-ध, य-थ, ब-व, प-ष, ट-ठ. पहिल्या तीन जोड्यांना मिळून एकच खूण आहे, ती मुलांना दाखवा. म, घ आणि य यांच्या डोक्यावरची रेघ सलग जाते. भ, ध आणि थ यांच्या डोक्यावर ती तुटते. ‘रेघ तुटली का बघ’ एवढं सांगितलं की मुलं स्वतः तपासायला लागतात. दुसरी काळजी अशी की जोडीतली दोन्ही अक्षरं एकाच दिवशी शिकवू नका. ‘म’ पक्का होऊ द्या, वाचनात रुळू द्या, ‘भ’ काही आठवड्यांनी आणा आणि त्यानंतरच दोघांना शेजारी ठेवा. सारखी दिसतात म्हणून एकदम शिकवायची ओढ होते, पण त्यानंच गोंधळ पक्का होतो.

यानंतर येते ती सगळ्यात मोठी जागा, स्वरचिन्हं. आपल्याकडे मूल पहिलीत मुळाक्षरं शिकतं आणि बाराखडीही म्हणतं, तरी दुसरीत शब्दाला अडतं. त्याच्याजवळ बसून नीट ऐका. ‘मामा’ हा शब्द ते असं वाचतं: ‘म ला काना मा, म ला काना मा… मामा.’ दोन अक्षरांच्या शब्दात हे खपून जातं. ‘सामान’ आला की ‘स ला काना सा, म ला काना मा, न’ म्हणेपर्यंत पहिला ‘सा’ डोक्यातून निसटलेला असतो, आणि मूल शेवटच्या ‘न’वरून ‘नळ’ असं काहीतरी ठोकून देतं. हे मूल आळशी नाही. त्याची सगळी शक्ती चिन्हांची नावं घेण्यात संपते आहे. चिन्हाचं नाव माहीत असणं लिहिताना कामाला येतं, वाचताना मात्र ‘मा’ हे एक आख्खं अक्षर म्हणून डोळ्यांत भरायला हवं. त्यासाठी कान्यासकट अक्षरांची कार्डं करा: मा, ना, का, ला, सा. कार्ड दाखवलं की लगेच म्हणायचं, मध्ये ‘ला काना’ नाही. मग दोन कार्डं शेजारी ठेवून शब्द. एक चिन्ह पूर्ण हाताखाली आलं की दुसरं. पहिली वेलांटी मी मुद्दाम उशिरा घेते. ती अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चार मात्र नंतर, हे डावीकडून उजवीकडे वाचायला नुकत्याच लागलेल्या मुलाला उलटं वाटतं. दुसरी वेलांटी अक्षराच्या मागं येते, म्हणून ती आधी सोपी जाते.

चौथी जागा जोडण्याची. मूल ‘ब… स… ला’ अगदी बरोबर म्हणतं, आणि शब्द काय झाला विचारलं की गप्प. इथं मराठीची एक खोच आहे. आपण लिहितो ‘बसला’, पण म्हणताना ‘स’मधला अ गिळतो. ‘घर’ म्हणताना ‘र’चा अ गिळतो. मूल मात्र प्रत्येक अक्षर पूर्ण म्हणत असल्यामुळे त्याच्या कानावर पडतो तो त्याच्या ओळखीचा शब्दच नसतो. त्याला एक पाऊल पुढं न्या: ‘तू म्हणालास तेच जरा पटकन म्हण. आता सांग, आपण घरी कसं म्हणतो?’ एकदा ‘अरे, बसला!’ असं त्याच्या तोंडून आलं की कुलूप उघडतं. यासाठी शब्द त्याच्या बोलण्यातलेच हवेत. जो शब्द मुलानं कधी ऐकलाच नाही, तो जोडून झाल्यावरही त्याला ओळखू येणार नाही.

पाचवी जागा अंदाजाची. पहिलं अक्षर बघून आणि चित्रावर नजर टाकून मूल शब्द फेकतं: ‘बाजारात’ला ‘बागेत’. ही बहुधा चुणचुणीत, गोष्टी आवडणारी मुलं असतात. त्यांना ओरडू नका, चित्र झाका आणि शब्दावर कागदाची पट्टी ठेवून ती हळूहळू उजवीकडे सरकवा, म्हणजे शेवटपर्यंत बघण्याची सवय लागते.

जोडाक्षरं आणि रफार ही सहावी जागा, पण ती दुसरीच्या मध्यापर्यंत थांबू शकते. ‘सूर्य’मधला र डोक्यावर गेलेला असतो आणि ‘प्राणी’मधला पायाशी आलेला असतो. हे मुलांना कोडं म्हणून दाखवलं तर त्यांना मजा वाटते.

आणि शेवटी ती मुलं, ज्यांच्यामुळे आपल्याला सगळं छान चाललंय असं वाटतं. घडाघडा वाचतात, पण काय वाचलं विचारलं तर सांगता येत नाही. यांना वाचनाचा सराव वाढवून उपयोग नाही, बोलणं वाढवायला हवं. दोन वाक्यं वाचली की थांबा. कोण गेलं, कशाला गेलं, आता पुढं काय होईल असं वाटतं, हे विचारा.

घरची भाषा: चूक कोणती, बोली कोणती

विदर्भातल्या शाळेत मूल ‘डोळा’ हा शब्द ‘डोया’ असा वाचतं. खानदेशात ‘काळा’चा ‘काया’ होतो. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारी मुलं तर गावोगाव आहेत. नव्या शिक्षकानं इथं थांबून विचार करावा. मुलानं ‘डोळा’ पाहिलं, त्याचा अर्थ ओळखला आणि घरी जसं म्हणतात तसं म्हटलं. यात वाचनाची चूक कुठंच नाही. उलट त्यानं शब्द अर्थासकट वाचला याचाच हा पुरावा आहे. अशा वेळी ‘ळ’ म्हणायला लावून त्याला दहादा थांबवलं तर ते वाचनालाच भ्यायला लागतं. तपासायचं असेल तर बोट आपल्या डोळ्याकडे नेऊन ‘हे काय?’ असं विचारा. तिथंही ‘डोया’ आलं तर ती बोली आहे, पुढं जा. प्रमाण उच्चार ऐकून ऐकून, गाण्यांतून, गोष्टींतून येतो.

घरी पूर्ण वेगळी भाषा असेल तर प्रश्न अधिक खोल आहे. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारच्या डोंगरात भिली आणि पावरी, तांड्यांवर गोरमाटी, मुंबई-पुण्याच्या वस्त्यांमध्ये हिंदी, कन्नड, तेलुगू. या मुलांना अक्षरं इतरांइतक्याच लवकर येतात, पण जोडून झालेला शब्द ओळखीचा निघत नाही. ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च वेगळा म्हणायचा, हे मराठी बोलणाऱ्या मुलाला कुणी शिकवावं लागत नाही. या मुलांना ते पानावरून कळण्याची सोय नाही, त्यांना ते ऐकायलाच मिळालं पाहिजे.

त्यांच्यासाठी सगळ्यात उपयोगी पडतो तो त्यांच्याच तोंडचा मजकूर. मुलाला शेजारी बसवा, काल काय झालं ते सांगायला सांगा आणि ते सांगेल ते त्याच्यासमोर मोठ्या अक्षरांत लिहा. एका तांड्यावरच्या मुलीनं सांगितलेला मजकूर असा होता: ‘काल आमची शेळी व्याली. दोन करडं झाली. एक काळं आहे. याडी म्हणाली, काळं माझं.’ ‘याडी’ म्हणजे गोरमाटीत आई. तो शब्द तसाच ठेवला. आधी मी बोट ठेवून वाचलं, मग तिनं. मग त्याच वाक्यांच्या पट्ट्या कापल्या, उलटसुलट केल्या आणि तिनं त्या परत क्रमानं लावल्या. नंतर एका पट्टीचे शब्द सुटे केले. ‘व्याली’ या शब्दात जोडाक्षर आहे, कोणत्याही क्रमवारीत ते फार पुढं येतं. तिनं ते पहिल्या दिवशी ओळखलं, कारण शेळी तिची होती. असे चार-चार ओळींचे कागद टाचून मुलाची वही करा. ती वही इतर मुलांनाही वाचायला द्या. घरच्या भाषेतल्या वीस-पंचवीस शब्दांची यादी अंगणवाडी ताईकडून किंवा वरच्या वर्गातल्या मुलांकडून लिहून घेतली तर पहिल्याच दिवसापासून संवाद सुरू होतो.

पायरी ३: गट पाडा, पण कायमचे नाही

ऐकून झालं की मुलं तीन किंवा चार गटांत आपोआप पडतात: अक्षरं आणि आवाजांवर काम लागणारी, स्वरचिन्हं आणि जोडणं यांवर अडलेली, वाक्यं वाचणारी पण हळू किंवा अर्थाविना, आणि मोकळं वाचणारी. चारांपेक्षा जास्त गट एका शिक्षकाला झेपत नाहीत.

गट हुशारीचे नाहीत हे आधी स्वतःला बजावा, मग मुलांना ते वेगळं सांगावं लागत नाही. फुलांची-फळांची नावं दिली तरी शेवटचा गट कोणता हे मुलं दोन दिवसांत ओळखतात. त्यामुळे नावापेक्षा या तीन गोष्टींना महत्त्व द्या: गट फक्त वाचनाच्या तासापुरता असावा, दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा ऐकून त्यात बदल व्हावा, आणि गोष्ट ऐकताना, गाणी म्हणताना, गणितात, खिचडी खाताना सगळे एकत्र असावेत. वर्षभर त्याच कोपऱ्यात बसलेलं मूल स्वतःबद्दल काय समजून घेतं, याचा विचार प्रत्येक शिक्षकानं करावा.

पायरी ४: दीड तासाची आखणी

भाषेला रोज सलग दीड तास मिळाला तर असं करता येतं. पहिली पंचवीस मिनिटं सगळ्यांची: तुम्ही गोष्ट वाचून दाखवा, तिच्यावर बोला, आवाजांचे खेळ घ्या. नंतरचा तासभर गटांचा. रोज तीन गटांपैकी प्रत्येकाला वीस मिनिटं तुमच्याजवळ, चौथा मोकळं वाचणारा गट एक दिवसाआड, त्यांतल्या एका गटाच्या जागी. शेवटची पाच मिनिटं कुणीतरी आज वाचलेलं सगळ्यांना वाचून दाखवेल.

उरलेले गट तेव्हा काय करतील, हा खरा अवघड प्रश्न. एक नियम लक्षात ठेवा: नवीन ते तुमच्याजवळ, येतं ते एकट्यानं. ज्या मुलाला वेलांटी नवीन आहे त्याला वेलांटीचे शब्द लिहायला देऊन तुम्ही दुसऱ्या गटाकडे गेलात, तर वीस मिनिटं चुकीचा सराव होईल. त्याला कान्याचे, पक्के झालेले शब्द कार्डांतून बनवू द्या. शिवाय जोडीवाचन, चित्र काढून त्याखाली नाव लिहिणं, पुस्तकांच्या कोपऱ्यात बसणं. पहिले दोन आठवडे फक्त या सवयी लावण्यात जातील, आवाज होईल, कार्डं हरवतील. तेवढा वेळ धीर धरा.

पायरी ५: प्रत्येक गटाला काय द्यायचं

सुरुवातीच्या गटासाठी ‘क ख ग घ’ हा क्रम सोडा. तो वर्णमालेचा शास्त्रशुद्ध क्रम आहे, पण क, ख, ग, घ एवढ्यांतून शब्द बनतात किती? त्याऐवजी म, न, क, ल ही चार अक्षरं आणि काना घ्या. लगेच नाक, कान, मान, काम, माल, लाल, काल, मका, मामा, काका, नाना, कमान, कमाल एवढं हाती येतं. ‘काका काल नाना’ असं अर्धवट वाक्यसुद्धा मुलं आनंदानं वाचतात. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचनासाठी हाच विचार रुजवला: अक्षरांचे छोटे समूह, त्यांच्याबरोबर सुरुवातीपासूनच स्वरचिन्हं, आणि पहिल्या समूहापासून अर्थ असलेले शब्द. सगळी मुळाक्षरं संपेपर्यंत काना थांबवून ठेवला तर मूल महिनोन्‌महिने अक्षरं म्हणतं आणि त्यातून त्याला काहीच वाचायला मिळत नाही. पुढचा समूह मुलांच्या नावांवरून ठरवा. वर्गात सई, रवी, राणी असतील तर र, व, स, ण आणि ई लवकर येऊ द्या.

स्वरचिन्हांच्या गटाला एका वेळी एकच चिन्ह, पण जुन्याशी टक्कर देऊन: पाठ-पीठ, फल-फूल, मल-मूल, दवा-दिवा. एका चिन्हानं अर्थ बदलतो हे दिसलं की मुलं चिन्हाकडे बघायला लागतात. आख्खी बाराखडी रोज म्हणून घेण्यापेक्षा अशा चार जोड्या जास्त काम करतात, असं माझं ठाम मत आहे.

तिसऱ्या गटाला तेच पान पुन्हा पुन्हा वाचू द्या. पहिल्यांदा तुमच्याबरोबर, मग जोडीदाराला, मग घरी आजीला. गती त्यातून येते. निपुणच्या उद्दिष्टांत दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० आणि तिसरीसाठी किमान ६० शब्द म्हटलेले आहेत, आणि अधिकारी भेटीला आले की घड्याळ लावलं जातं. पण शब्द अजून चुकत असताना गतीच्या मागे लागू नका. मूल अचूक वाचायला लागलं की मगच घड्याळाचा काही उपयोग.

मोकळं वाचणाऱ्यांना पुस्तकं हवीत. त्यांना दुसऱ्यांना शिकवायला बसवून आपलं काम हलकं करू नका, त्यांचीही वाढ व्हायची आहे. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार फुकट मिळतात. मोबाइलवर दाखवता येतात, छापूनही घेता येतात. यांना परीक्षण लिहू द्या, गोष्टीचा शेवट बदलू द्या, सुरुवातीच्या गटासाठी छोटं पुस्तक तयार करू द्या.

मध्येच गेलेली आणि मध्येच आलेली मुलं

बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतली कितीतरी मुलं दिवाळीच्या आगेमागे आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलात परततात. हंगामी वसतिगृहात थांबली तर उत्तम. जाणारच असतील तर त्यांची वाचनवही, कार्डांची एक पिशवी आणि दोन गोष्टीची पुस्तकं बरोबर द्या. परतल्यावर त्यांना पहिल्या पानावर बसवू नका. पुन्हा पाच मिनिटं ऐका. बरंच टिकलेलं असतं, निसटतात ती बहुधा शेवटी शिकवलेली एक-दोन चिन्हं. तीच आधी घ्या.

जे मूल हलतच नाही

सगळं करूनही दोन-तीन महिन्यांत एखादं मूल जागचं हललं नाही, तर आधी डोळे आणि कान. फळ्यापासून लांब बसवून वाचायला सांगा. पाठीमागून हळू आवाजात नाव घेऊन पाहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं, त्या दिवशी हे मूल हजर राहील असं पाहा आणि तुमची शंका डॉक्टरांना स्वतः सांगा. पथक येऊन गेलं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र आहेच. हजेरीपट बघा. घरात काही घडलंय का, पोट भरतंय का, याचीही विचारपूस करा.

अध्ययन अक्षमता असू शकते, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये तिचा समावेश आहे. पण पहिलीतल्या मुलाला तो शिक्का मारण्याचा अधिकार शिक्षकाला नाही. तपासणी तज्ज्ञच करतात, आणि सहसा मूल सात-आठ वर्षांचं झाल्यावर. तुमचं काम नोंदी नीट ठेवण्याचं आणि गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांशी बोलण्याचं. तोवर शिकवणं थांबवायचं नाही: छोटे घास, रोजची उजळणी, वाळूत आणि हवेत बोटानं अक्षर गिरवणं, आणि जमलेल्या प्रत्येक शब्दाची मुलाला दिसेल अशी नोंद.

घरच्यांशी काय बोलायचं

‘लक्ष द्या’ असं पालकांना सांगून काही होत नाही. नेमकं काम सांगा: रोज रात्री दहा मिनिटं त्याच्याजवळ बसा आणि तो वाचेल ते ऐका, अडला तर थोडं थांबा, रागावू नका. आईला स्वतःला वाचता येत नसेल तरी हे जमतं, आणि हे तिला आवर्जून सांगा. वाचून झाल्यावर ‘मला समजलं नाही, पुन्हा सांग’ असं तिनं म्हटलं की मूल गोष्ट आपल्या शब्दांत सांगतं, म्हणजे अर्थाचंही काम होतं. मूल आज कुठं आहे आणि पुढं काय येणार, हे सभेत सगळ्यांसमोर सांगण्याऐवजी एकेकाशी बोला.

पायरी ६: वही चालू ठेवा

एका मुलाला वहीचं एक पान. तारीख, त्यानं वाचलेले शब्द त्याच्या उच्चारात, आणि खाली एक ओळ: पुढं काय. दर तीन-चार आठवड्यांनी तोच पाच ओळींचा कागद पुन्हा वापरा, पण काही शब्द बदला, नाहीतर कागदच पाठ होतो. ‘जुलै: दिवा – दवा. ऑगस्ट: दिवा बरोबर, पीठ – पाठ. सप्टेंबर: दोन्ही बरोबर, भिंत – भित’ असं पान दिसलं की मूल किती चाललंय ते तुम्हालाही कळतं आणि केंद्रप्रमुखांनाही दाखवता येतं. वेळ कमी पडत असेल तर इतर कागदपत्रांत काटकसर करा, या वहीत नको.

वर्ष संपताना ही वही कपाटात ठेवू नका. पुढच्या वर्गशिक्षकाला प्रत्यक्ष भेटून द्या आणि प्रत्येक पानावरची शेवटची ओळ वाचून दाखवा. म्हणजे जूनमध्ये त्या मुलाला पुन्हा ‘क ख ग’पासून सुरुवात करावी लागणार नाही.